धुळ्याच्या थंडीत पहाटे धावताना: तीन हिवाळे वापरलेल्या कपड्यांविषयी

नकाणे रस्त्यावर देवपूरची वस्ती संपून शेते सुरू झाली, की पहाटेची थंडी अंगाला वेगळी लागते. घरांच्या आडोशाला तोवर नुसता गारवा असतो; उघड्या शिवाराला लागताच उत्तरेकडचा कोरडा वारा कपड्यातून आरपार जातो, आणि घरून निघताना जे अंगावर पुरेसे वाटले होते त्याची खरी परीक्षा तिथे होते. गेले तीन हिवाळे, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, आठवड्यातून चार दिवस मी याच बाजूला आठ ते दहा किलोमीटर धावतो. या काळात धावण्यासाठी म्हणून जे जे घेतले ते सगळे स्वतःच्या खिशातून घेतले. त्यातले काही अजून रोजच्या वापरात आहे, काही कपाटात पडून आहे आणि एक वस्तू तर पहिल्याच आठवड्यात अंगावरून उतरली ती कायमची. नव्याने धावू लागलेली मंडळी दर हिवाळ्यात काय घ्यावे, काय घालावे हेच प्रश्न विचारतात, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

आपल्या थंडीचा स्वभाव आधी ध्यानात घ्यायला हवा, कारण बाजारातला बहुतेक माल तो ध्यानात घेऊन शिवलेला नसतो. खान्देशचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला उन्हाळ्यातला ४४-४५ अंशांचा पारा आठवतो आणि इथल्या थंडीवर त्याचा विश्वास बसत नाही. पण धुळ्यात पहाटेचे तापमान सहा-सात अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात, आणि सातपुड्यात डाबसारख्या गावी दव गोठल्याची छायाचित्रेही वर्तमानपत्रांत छापून येतात. मात्र ज्या दिवशी पहाटे सात अंश असतात, त्याच दिवशी दुपारी दोनला २८ अंश असू शकतात. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्यामुळे जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि सूर्य वर आला की तितक्याच झपाट्याने ऊब परत येते. जानेवारीत धुळ्याला सूर्योदय सातनंतर होतो. सहाला निघालेला माणूस अंधारात आणि कडाक्याच्या गारठ्यात सुरुवात करतो आणि परत येताना ऊन अंगावर घेऊन येतो. म्हणून आपल्याला लागतो तो दोन तासांच्या थंडीचा पोशाख: पातळ, वारा अडवणारा, आणि धावता धावता काढून कमरेला बांधता येईल असा. दुकानात 'विंटर वेअर' म्हणून जे टांगलेले असते ते मनालीच्या सहलीसाठी ठीक असते. पळणाऱ्या माणसासाठी त्यातले फारच थोडे कामाचे आहे.

धावताना शरीर स्वतःच भट्टीसारखे तापते. म्हणून बाहेर जितके तापमान आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश अधिक आहे असे धरून कपडे घालावेत, हा धावणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे आणि तीन हिवाळ्यांनंतर मी तो पूर्णपणे मान्य करतो. सहा अंशांची पहाट असेल तर पंधरा-सोळा अंशांना घालाल तेवढेच अंगावर असू द्यावे. पहिली दहा मिनिटे थोडे कुडकुडायला झालेच पाहिजे. दारातच छान उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झाले आहेत हे नक्की समजावे.

आता एकेक वस्तू घेतो. सुरुवात अंगाला चिकटून असणाऱ्या कपड्यापासून करायला हवी, कारण चूक बहुधा तिथेच होते. पहिल्या हिवाळ्यात मी घरातला साधा सुती टी-शर्ट आणि त्यावर सुती स्वेटशर्ट घालून धावत असे. सुती कपडा अंगाला मऊ लागतो, घाम टिपतो आणि आपल्या उन्हाळ्यात त्याला तोड नाही. पण थंडीत तो टिपलेला घाम धरून ठेवतो, आणि ओला कपडा अंगाला चिकटला की वाऱ्याची एक झुळूकसुद्धा हुडहुडी भरवते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, ही शाळेत शिकलेली गोष्ट त्या हिवाळ्यात मला पाठीच्या कण्यावर समजली. एकदा उत्सुकतेपोटी मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन टी-शर्ट धावण्याआधी आणि नंतर मोजून पाहिले. सुती टी-शर्ट घरून निघताना साधारण १७० ग्रॅमचा होता आणि आठ किलोमीटरनंतर तो २९० ग्रॅमच्या आसपास भरला. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अंतराला पॉलिएस्टरचा टी-शर्ट १२५ वरून जेमतेम १६० वर गेला. घाम दोन्ही दिवशी सारखाच आला असणार. एका कपड्याने तो साठवला आणि दुसऱ्याने बाहेर पसरवून उडू दिला, एवढाच फरक.

याचे कारण धाग्यातच आहे. नेहमीच्या दमट हवेत ठेवलेला कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नसल्यामुळे घाम धाग्यांमधल्या बारीक फटींतून बाहेरच्या बाजूला सरकतो आणि तिथून वाळतो. आपला जिल्हा कापसाचा, हिवाळ्यात दारावरून कापसाच्या ट्रॉल्या जातात आणि आपल्यातल्या कितीतरी घरांचे पोट त्यावर आहे, त्यामुळे हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण थंडीत धावताना अंगालगत सुती कपडा नको, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

असा टी-शर्ट घेण्यासाठी मोठ्या नावाची गरज नाही. आग्रा रोडवरच्या खेळसाहित्याच्या दुकानातून मी घेतलेले तिरुपूरचे दोन लांब बाह्यांचे टी-शर्ट प्रत्येकी साडेतीनशे रुपयांना पडले आणि ते तिसऱ्या हिवाळ्यातही व्यवस्थित आहेत. मात्र 'ड्राय फिट' असे लिहिलेला प्रत्येक कपडा घाम बाहेर टाकतोच असे नाही, म्हणून दुकानातच एक साधी परीक्षा करावी. कपड्याच्या आतल्या बाजूला बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवावा. थेंब लगेच पसरून फिकट झाला तर कपडा घ्यावा; मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर तो घामही तसाच अंगावर ठेवणार. आमच्या दुकानदाराला पहिल्यांदा हा प्रकार विचित्र वाटला, पण आता तो स्वतःच पाण्याची बाटली पुढे करतो. बगलेतली आणि खांद्यावरची शिवण सपाट आहे का, हेही बोट फिरवून पाहावे, कारण उंच शिवण दहा किलोमीटरमध्ये कातडी सोलते. या कपड्यांचा एक खरा दोष म्हणजे वास. पॉलिएस्टरमध्ये अंगाचे तेल आणि वास मुरून बसतो. धावून आल्या आल्या साध्या पाण्यातून काढणे आणि उलटा करून वाळत घालणे हाच त्यावरचा उपाय आहे. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मुळीच वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसला की घाम बाहेर जाण्याची वाटच बुजते.

याच जोडीने बाजारात 'थर्मल' किंवा 'वॉर्मर' नावाची अंगालगतची जोडी मिळते. लुधियानाहून येणारा हा माल बसून काम करणाऱ्या माणसासाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि पहाटे दुचाकीवरून जाणाऱ्या दूधवाल्यासाठी उत्तम आहे. त्यात बहुधा सूत मिसळलेले असते आणि आतून लव काढलेली असते. धावण्यासाठी मी तो एकदाच घातला आणि तेवढे पुरे झाले.

माझे सर्वांत मोठे नुकसान जाड जॅकेटमध्ये झाले. दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ऑनलाइन एक जॅकेट मागवले. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. जाहिरातीत ते धावण्यासाठीच असल्याचे म्हटले होते, आतून मऊ फर होती, बाहेरून पाणी न शिरणारे कापड होते आणि किंमत तीन हजारांच्या घरात होती. घालताच उबदार वाटले, आणि खरा धोका तोच होता. नकाणे तलावापर्यंत जाईतो आतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. बाहेरचे कापड पाणी आत येऊ देत नव्हते, तसेच घामाची वाफही बाहेर जाऊ देत नव्हते. तलावाच्या काठावर पाच मिनिटे थांबून चेन उघडली, आणि ओल्या अंगावर जो वारा आला त्याने दातावर दात वाजू लागले. त्या सकाळी मी उरलेले अंतर धावू शकलो नाही. एका दूधगाडीवाल्याने घरी सोडले. कपडा वापरला गेला असल्याने परत घेता येणार नाही, असे उत्तर आले. ते जॅकेट आता शेतावर पाणी भरायला जाणाऱ्या माझ्या मेहुण्याकडे आहे आणि तो त्याच्यावर खूश आहे. वस्तू वाईट नव्हती, ती उभ्या माणसाची होती. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पाऊस क्वचितच येतो, तेव्हा धावण्यासाठी पाणी अडवणाऱ्या कापडाचे पैसे मोजू नयेत, हे मी त्या तीन हजारांत शिकलो.

अडवायचा असतो तो वारा. हे ज्याला पटत नसेल त्याने रावेर-यावल भागातल्या केळीच्या बागा पाहाव्यात. थंडीच्या दिवसांत शेतकरी बागेच्या कडेने शेवरी किंवा गजराज गवत दाट लावतो, कुठे हिरवी जाळी बांधतो, घडावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, चढवतो आणि रात्री धूरही करतो. पण झाडाला कोणी गोधडी गुंडाळत नाही. वाऱ्याला आडोसा केला की निम्मे काम होते. माणसाचेही तसेच आहे, आणि त्याचे गणित मांडता येते. वाऱ्यामुळे थंडी किती अधिक जाणवते हे काढण्याचे जे सूत्र अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरले जाते, त्याने हिशेब केला तर सात अंशांच्या स्तब्ध हवेत ताशी दहा किलोमीटर वेगाने धावणाऱ्याला पाच अंशांइतकी थंडी लागते, कारण धावण्याने स्वतःचाच वारा तयार होतो. समोरून ताशी पंधरा किलोमीटरचा वारा असेल तर तीच थंडी तीन अंशांवर येते. उलट तो वारा पाठीशी असेल तर जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडतो. यातून कपड्यांइतकीच उपयोगाची एक गोष्ट निघते: अंग कोरडे असताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करून निघावे आणि घामेजल्यावर वारा पाठीशी घेऊन परतावे.

म्हणून या संपूर्ण यादीत मी ज्या एका वस्तूला पैकीच्या पैकी गुण देईन ती म्हणजे पातळ विंडचीटर. माझे विंडचीटर नायलॉनचे असून मुठीत मावते, वजन दीडशे ग्रॅमच्या आत आहे, अस्तर नाही, आणि किंमत नऊशे रुपये पडली. पुढची बाजू आणि बाह्या वारा अडवणाऱ्या कापडाच्या आहेत. पाठीवर खांद्याखाली आडवी फट असून तिच्यामागे जाळी आहे, तिच्यातून वाफ निघून जाते. असे विंडचीटर घेताना काही बारकावे पाहावेत. कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारावी. पलीकडे धरलेल्या हाताला झुळूक लागली तर वाराही शिरणार. चेन पूर्ण लांबीची असावी, कारण तीच आपली खिडकी आहे. पहिल्या किलोमीटरला ती गळ्यापर्यंत बंद, तिसऱ्याला छातीपर्यंत खाली आणि पाचव्याला पूर्ण उघडी, असे मी रोज करतो. चेनच्या वरच्या टोकावर कापडाची छोटी टोपी शिवलेली असावी, नाहीतर धातूचे ते थंड टोक हनुवटीला सतत घासत राहते. मनगटाला घट्ट पण न काचणारे इलॅस्टिक हवे. गडद निळा आणि काळा हे रंग दुकानात सर्वाधिक मिळतात आणि अंधारात धावणाऱ्याने नेमके तेच टाळायला हवेत.

पारा सहाच्या खाली असेल किंवा रविवारी लळिंगच्या बाजूला चढ-उताराचे संथ धावणे असेल, तर टी-शर्ट आणि विंडचीटर यांच्या मध्ये मी एक बिनबाह्यांचे फ्लीसचे जाकीट घालतो. ते पाचकंदिलाजवळ दर हिवाळ्यात लागणाऱ्या स्वेटरच्या दुकानांतून चारशे रुपयांना घेतले आहे. फ्लीस हे पॉलिएस्टरचेच विंचरलेले कापड. लवेत हवा अडकून राहते म्हणून ते हलके असूनही उबदार असते आणि ओले झाले तरी फार फुगत नाही. जितके पातळ मिळेल तितके पातळ घ्यावे. धड उबदार आणि हात मोकळे राहिले की घामही आवरता येतो, म्हणून बाह्या नसलेलेच बरे. तीन हिवाळ्यांत ते घालण्याची वेळ फार तर वीस-बावीस दिवस आली असेल, तेव्हा हे सगळ्यात शेवटी घेतले तरी चालेल.

मेरिनो लोकरीच्या टी-शर्टची शिफारस अनेक जण करतात, म्हणून गेल्या वर्षी तोही अडीच हजार देऊन घेतला. कपडा खरोखर सुंदर आहे. मेरिनो मेंढीची लोकर इतकी बारीक असते की ती अंगाला टोचत नाही, ओलावा पोटात घेऊनही ऊब देते, आणि चार दिवस धावूनसुद्धा वास येत नाही. आपल्याकडे ठेलारी आणि धनगर मंडळींच्या मेंढ्यांची लोकर याच्या अगदी उलट, जाड आणि राकट. तिची घोंगडी पावसापाण्यात आणि माळरानावर आयुष्यभर साथ देते, पण तिचा सदरा होणे नाही. मेरिनोचे गुण मान्य करूनही धुळ्याच्या धावणाऱ्याला मी तो घ्यायला सांगणार नाही. जेमतेम तीन महिन्यांच्या हंगामासाठी सात टी-शर्टांची किंमत मोजायची, तो हाताने जपून धुवायचा, उन्हाळ्यात कसर लागू नये म्हणून कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचा आणि तरीही कोपराला विरताना पाहायचा, हे आपल्या हवामानात पटणारे नाही. तोरणमाळला हिवाळ्यात दोन-तीन दिवस मुक्कामी राहून धावायचे असेल तर गोष्ट निराळी. सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या त्या पठारावर त्याचे चीज होते.

पायांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मांड्यांचे स्नायू मोठे असतात आणि तेच सर्वाधिक राबतात, त्यामुळे पायांना थंडी कमी लागते. दहा अंशांच्या वर मी गुडघ्यापर्यंतची चड्डीच घालतो आणि पारा त्याखाली असेल तर साधी पॉलिएस्टरची, घोट्याशी निमुळती ट्रॅकपँट. घोळदार सुती ट्रॅकपँट दवाने ओली होऊन जड होते. बूट नेहमीचेच चालतात. पायमोजे मात्र सुती नकोत, नायलॉन-पॉलिएस्टरचे असावेत. मोजे जाड असतील तर बुटात बोटे आवळली जाऊन पाय उलट अधिक गार पडतात.

हात आणि कान हा वेगळा विषय आहे. थंडी वाढली की शरीर हातापायांच्या बोटांकडचे रक्त आखडते घेऊन आतल्या अवयवांकडे ठेवते, म्हणून अंग घामेजलेले असतानाही बोटे बधिर होऊ शकतात. साठ-सत्तर रुपयांचे पातळ विणलेले हातमोजे यासाठी पुरेसे आहेत, आणि गरम झाले की ते कमरेच्या पट्ट्यात खोचता येतात. दुचाकीवरचे रेक्झिनचे हातमोजे मी वापरून पाहिले. आत घाम साचून बोटे आणखी गारठली. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता निघून जाते असे जे सांगितले जाते ते खरे नाही, डोक्याचा वाटा त्याच्या आकारमानाइतकाच, म्हणजे दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. पण कानाच्या पाळ्यांना वारा झोंबतो हे खरेच आहे. माकडटोपी त्यावर फार झाली. नळीसारखा शिवलेला, ताणला जाणारा बफ दीडशे रुपयांना मिळतो आणि तो कानांवर, गळ्यावर किंवा नाकातोंडावर हवा तसा घेता येतो. कोरडी गार हवा थेट ओढली की ज्यांना खोकला सुटतो त्यांनी पहिला किलोमीटर तो तोंडावरून घ्यावा. श्वासाच्या ओलाव्याने आत जाणारी हवा थोडी कोमट होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र यावर न विसंबता डॉक्टरांना विचारूनच थंडीत धावावे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ओठ आणि टाचा उलतात, मांड्यांची आतली बाजू घासली जाते; निघण्याआधी व्हॅसलीनचे एक बोट फिरवले की हे सगळे टळते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती थंडीपेक्षा अंधाराची. एका पहाटे मळ्यातून रात्रपाळीचे पाणी भरून परतणारे एक आजोबा वाटेत थांबून म्हणाले, "इतली थंडीमा कथा चालनात भाऊ? तुम्हले गाडीवालाले दिसनं पाहिजे ना!" म्हणजे, इतक्या थंडीत कुठे निघालात, गाडीवाल्याला तुम्ही दिसायला हवे ना. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला बॅटरी बांधलेली होती आणि माझ्या अंगावर काळा टी-शर्ट होता. त्या दिवसापासून दिसण्याच्या साधनांवर मी हात आखडता घेतलेला नाही. यात लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. पोपटी किंवा भगवा चमकदार फ्लोरोसंट रंग दिवसा डोळ्यांत भरतो, कारण तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचे दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करतो. अंधारात सूर्यच नसतो, त्यामुळे तिथे त्याची ही करामत चालत नाही. अंधारात उपयोगी पडते ती करड्या रंगाची परावर्तक पट्टी. तिच्यातले बारीक काचेचे मणी दिव्याचा प्रकाश जिथून आला त्याच दिशेला, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत पाठवतात. म्हणून दोन्ही हवे, आणि हे दोन्ही असलेले जाळीचे जाकीट, जे रस्त्याच्या कामावरची माणसे घालतात, ते हार्डवेअरच्या दुकानात शंभर-सव्वाशे रुपयांत मिळते. नामांकित कंपन्यांची याच कामाची जाकिटे कितीतरी महाग आहेत आणि माझ्या मते त्यांची गरज नाही. घेताना खोलीत अंधार करून, मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या शेजारी धरून पट्टीवर प्रकाश टाकून पाहावा. पट्टी लख्ख पेटल्यासारखी दिसली नाही तर ती नुसतीच चंदेरी रंगाची फीत आहे. त्याखेरीज घोट्यांना एकेक पट्टी जरूर बांधावी. पाय सतत वरखाली होत असल्यामुळे चालकाला दुरूनच कळते की हा दगड किंवा खांब नसून पळणारा माणूस आहे. आणि धावावे ते रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे.

दिव्याच्या बाबतीत मी दोन प्रकार वापरले. शेतीच्या दुकानात मिळणारी डोक्याची बॅटरी प्रकाश भरपूर देते, पण जड असते आणि धावताना कपाळावर आपटते. धावण्यासाठीचा दीडशे-दोनशे ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचे माप) हलका हेडलॅम्प आठशे रुपयांना घेतला. तो चांगला आहे, पण डोळ्यांच्या उंचीवरून पडणाऱ्या प्रकाशात खड्ड्याची सावली दिसत नाही आणि रस्ता सपाट भासतो. तोच दिवा मी आता पट्ट्याने कमरेला बांधतो. खालून पडणाऱ्या प्रकाशात प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक खडा आपली सावली टाकतो, त्यामुळे पाय मुरगळण्याची भीती उरलेली नाही. या एका बदलासाठी पैसा लागला नाही आणि उपयोग सर्वाधिक झाला.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले याच रस्त्यांवर पहाटे पळतात. त्यांचे १६०० मीटरचे, मुलींचे ८०० मीटरचे अंतर वेगाचे असते, त्यामुळे त्यांना कपडे आणखी कमी लागतात. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये ती घामेजलेल्या अंगाने उभी राहतात आणि तिथेच आजारी पडतात. त्यांना माझे सांगणे असते की खर्च करायचाच तर पहिले शंभर-सव्वाशे परावर्तक जाकिटावर, पुढचे साडेतीनशे पॉलिएस्टरच्या टी-शर्टवर करावेत, आणि विंडचीटर जमेल तेव्हा घ्यावे. तोवर विश्रांतीच्या वेळी घरातला जुना स्वेटर अंगावर घ्यायला आणि पळताना मैदानाच्या कडेला काढून ठेवायला काही खर्च येत नाही. एक कोरडा टी-शर्ट पिशवीत नेऊन पळणे संपताच बदलला, तरी निम्मी सर्दी-पडसे टळतील.

एक तक्रार मात्र अजून शिल्लक आहे, ती बायकांच्या कपड्यांची. माझी पत्नी गेल्या वर्षापासून माझ्याबरोबर पाच किलोमीटर धावते आणि तिच्यासाठी धुळ्यात मापाचे विंडचीटर शोधताना आम्ही चार दुकाने पालथी घातली. मिळाली ती पुरुषांचीच लहान मापे, खांद्यांना सैल आणि कमरेखाली आखूड. रंग विचारला तर गुलाबी पुढे येत होता; किल्ली आणि मोबाइल ठेवायला चेनचा खिसा विचारला तर तो एकाही जाकिटाला नव्हता. शेवटी तिने आग्रा रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानदाराला कोऱ्या कागदावर चित्र काढून दिले: कमरेखाली चार बोटे लांबी, मागे चेनचा खिसा, खांद्यापासून मनगटापर्यंत सगळीकडे परावर्तक पट्ट्या. त्यांनी तो कागद गल्ल्याच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाले, "वहिनी, दिवाळीनंतर माल भरायला जाईन तेव्हा घेऊन जातो, तुमच्यासारख्या आणखी सहा जणी विचारून गेल्या आहेत."